नवीन आणलेला अ‍ॅक्सोलोटल आजारी वाटतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅक्सोलोटल हा सहसा आयुष्यभर पाण्यातच राहणारा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला उभयचर प्राणी. तो मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. ते पाणी बारा महिने गार असतं, संथ असतं आणि त्यात क्षारही भरपूर असतात. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात दिसणारी बहुतेक दुखणी पाणी तापल्यामुळे किंवा पाण्यात अमोनिया साचल्यामुळे होतात. म्हणून खाली जवळपास प्रत्येक उत्तरात आधी मोजायला सांगितलं आहे. औषधाचा विषय त्यानंतर येतो.

काहीतरी बिघडलंय असं वाटतंय, पण काय ते कळत नाही. सुरुवात कुठून करू?

थर्मामीटर आणि पाणी तपासायचं किट घ्या आणि पाच गोष्टी कागदावर लिहून काढा.

तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावं. २० पर्यंत चालतं. २२ च्या वर ताण सुरू होतो आणि २४ च्या वर जीवाला धोका असतो. अमोनिया शून्य हवा, नायट्राइटही शून्य हवं. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आत असावं, ४० च्या वर कधीच जाऊ देऊ नये. पीएच ७.४ ते ७.६ असेल तर उत्तम, पण ६.५ ते ८ मध्ये कुठेही स्थिर असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

किट थेंबांचं घ्या. कागदी पट्ट्यांवर अमोनिया बहुधा नसतोच, आणि नायट्राइटचा फिका गुलाबी रंग त्यांच्यावर नीट ओळखता येत नाही. नायट्रेटच्या चाचणीत दुसऱ्या बाटलीतली भुकटी तळाशी बसते. बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो, आणि "नायट्रेट शून्य" बघून माणूस निर्धास्त होतो.

अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ किंवा त्याहून जास्त दिसलं, किंवा पाणी २२ च्या वर असलं, तर प्राणी त्या टाकीतून लगेच बाहेर काढा आणि टबमध्ये ठेवा. बाकी तपास नंतर सावकाश करता येतो.

टबमध्ये ठेवायचं म्हणजे नेमकं कसं?

झाकण असलेला १० ते १५ लिटरचा साधा प्लास्टिकचा डबा घ्या. तो नवा असावा किंवा निदान साबण, फिनेल कधीही न लागलेला असावा. झाकणाला भोकं पाडा. अ‍ॅक्सोलोटल उडी मारतो, त्यामुळे उघडा टब ठेवू नका. पाणी इतकंच भरा, की पूर्ण बुडल्यावर त्याच्या पाठीवर तीन-चार बोटं पाणी राहील. तळाशी वाळू किंवा खडी काही नको. लपायला पीव्हीसी पाइपचा रुंद तुकडा पुरतो, फक्त त्याच्या कडा घासून गुळगुळीत करा.

पाणी दर २४ तासांनी पूर्ण, म्हणजे शंभर टक्के बदलायचं. टबमध्ये फिल्टर नसतो आणि असला तरी त्यात जिवाणू नसतात, त्यामुळे जेवढा अमोनिया तयार होतो तेवढा सगळा त्या दहा लिटरमध्येच राहतो. पिल्लू असेल किंवा अमोनियाने कल्ले आधीच भाजलेले असतील तर दिवसातून दोनदा बदला. शी दिसली की ड्रॉपरने लगेच उचला.

सर्वात जास्त चूक होते ती नव्या पाण्याच्या तापमानात. म्हणून दोन बादल्या ठेवा. उद्याचं पाणी आजच भरून, क्लोरीन काढून, टबाशेजारीच ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं राहतं. बदलताना थर्मामीटर दोन्हीत बुडवून बघा. फरक दोन अंशांहून जास्त असेल तर थांबा. प्राणी उचलायला जाळी वापरू नका, तिच्यात बोटं आणि कल्ल्यांचे तंतू अडकतात. पाण्यासकट एखाद्या भांड्यात घ्या.

टबमध्ये आठवडे काढता येतात. दिसायला हा उपाय फार साधा आहे, पण नवीन प्राण्यासाठी दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

क्लोरीन कसं काढायचं? रात्रभर पाणी उघडं ठेवलं तर चालेल का?

नळाच्या पाण्यात साधं क्लोरीन असेल तर एअर पंप लावून २४ तासांत ते उडून जातं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तसं होत नाही. पावसाळ्यात पाण्यात क्लोरीन वाढवलेलं असू शकतं, आणि टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती टाकली असेल याचा भरवसा नाही. म्हणून अँटीक्लोरीन वापरा. साध्या अँटीक्लोरीनमध्ये बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो, असतं. बाटलीवरचं प्रमाण पाळा. ज्यात कोरफड किंवा "स्लाइम कोट" (अंगावरचा बुळबुळीत थर) वाढवणारे पदार्थ आहेत असं पाण्याचं कंडिशनर घेऊ नका. उभयचरांची कातडी पाण्यातलं बरंच काही शोषून घेते.

आरओचं पाणी एकट्याने वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच टिकत नाही.

दुकानदार म्हणाला, टाकीत पाणी भरून दोन दिवसांनी सोडा. तसंच केलं. आता?

आता प्राणी टबमध्ये आणि टाकी सायकलिंगला. प्राण्याच्या मूत्रातून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढवणं म्हणजेच सायकलिंग. ते दोन दिवसांत वाढत नाहीत, चार ते आठ आठवडे लागतात. "सायकल इन अ बॉटल" म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांनी कधी वेळ वाचतो, कधी काहीच होत नाही. त्यांच्या भरवशावर प्राणी आत सोडू नका.

रिकाम्या टाकीत अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर आणा. रोज मोजा, खाली आला की पुन्हा २ वर आणा. एकदा घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य दिसलं आणि नायट्रेट चढलेलं असलं, की टाकी तयार झाली. नायट्रेट २० च्या खाली येईपर्यंत पाणी बदला, तापमान उतरवा आणि मगच प्राणी सोडा.

इथे आपल्याकडच्या उकाड्याचा एक फायदा घेता येतो. हे जिवाणू २५ ते २८ अंशांत भराभर वाढतात. त्यामुळे सायकल पूर्ण होईपर्यंत टाकी खोलीच्या तापमानावरच ठेवा, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) शेवटी लावा. सायकल मध्येच अडकली तर पीएच बघा. मऊ पाण्यात क्षारता संपते, पीएच ६.५ च्या खाली घसरतो आणि जिवाणू काम जवळजवळ थांबवतात. फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत मूठभर प्रवाळाचा चुरा ठेवला की पीएच सावरतो.

कल्ले पुढे वळलेत आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलंय. हा आजार आहे का?

ही ताणाची खूण आहे. कल्ल्यांच्या दांड्या आरामात मागे किंवा बाजूला पसरलेल्या असाव्यात. त्या सतत चेहऱ्याच्या दिशेने पुढे ओढलेल्या दिसल्या तर दोनच शक्यता आधी तपासायच्या: पाणी बिघडलंय किंवा प्रवाह जोराचा आहे.

प्रवाह तपासायला अन्नाचा एक दाणा तळाशी टाका. तो जागेवर राहायला हवा. सरकत गेला तर फिल्टरचं तोंड काचेकडे वळवा, स्प्रे बार (भोकं असलेली नळी) लावा किंवा सरळ स्पंज फिल्टरवर या. शेपटीचं वाकलेलं टोक दोन-तीन दिवस टिकलं आणि पाण्याचे आकडे ठीक असले, तर उजेड, लपायला जागा नसणं, काचेवर टकटक करणारी मुलं ही कारणं बघा. त्याला पापण्या नाहीत, त्यामुळे टाकीवरचा झगझगीत दिवा त्याला सोसत नाही.

पहिले दोन-तीन दिवस प्रवासामुळेही असं दिसतं. तेवढे दिवस हात न लावणं हाच इलाज.

मुंबईत पाणी २७-२८ अंशांवर जातं. पंखा लावला तर भागेल का?

उन्हाळ्यात नाही. पंखा पाण्याची वाफ करून पाणी गार करतो, आणि हवा जितकी दमट तितकी वाफ कमी होते. मे महिन्यात हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा पंख्याने पाणी २६-२७ अंशांच्या खाली नेता येत नाही. पंखा कितीही मोठा असला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. नागपूर किंवा पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा जास्त काम करतो, पण १८ पर्यंत तिथेही पोचत नाही. हिवाळ्यात पुणे-नाशिककडे मात्र पंख्यावर छान भागू शकतं.

बर्फाचं गणितही समजून घ्या. १०० लिटर पाण्यात एक लिटर बर्फाची बंद बाटली पूर्ण वितळली तर पाणी जेमतेम एक अंशाने उतरतं, आणि काही तासांत पुन्हा चढतं. तीच एक लिटरची बाटली १२ लिटरच्या टबात ठेवली तर तापमान आठ-नऊ अंशांनी कोसळतं, आणि हा धक्का गरम पाण्यापेक्षाही वाईट. टबसाठी २०० मिलिलिटरची बाटली वापरा. ती साधारण दोन अंश उतरवते. वितळली की दुसरी ठेवा. टब थर्माकोलच्या पेटीत ठेवला तर थंडावा बराच वेळ टिकतो. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नका.

कायमचा उपाय म्हणजे चिलर. १०० लिटरच्या टाकीसाठी सहसा १/१० हॉर्सपॉवरचा सुचवतात, पण तो अंदाज २५ अंशांच्या खोलीसाठी असतो. खोली ३३-३५ अंशांवर जात असेल तर एक आकार मोठा घ्या, नाहीतर तो न थांबता चालत राहतो आणि लवकर बंद पडतो. चिलरच्या मागून गरम हवा येते, म्हणून त्याला कपाटात कोंडू नका. एसी २४ वर ठेवला तर पाणीही २३-२४ वरच राहणार, हेही लक्षात घ्या.

चिलरचा खर्च परवडणारा नसेल तर किनारपट्टीच्या शहरात हा प्राणी आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. उकाड्यात तो लगेच मरत नाही. आधी भूक मंदावते, मग बुरशी धरते, आणि कारण कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणल्यापासून काही खात नाही.

पंधरा-वीस सेंटिमीटरचा धडधाकट प्राणी आठवडाभर न खाताही तग धरतो. पहिले दोन दिवस काही देऊच नका. दहा सेंटिमीटरच्या आतलं पिल्लू मात्र तीन दिवसांहून जास्त उपाशी ठेवू नये.

तापमान आणि अमोनिया तपासून झाल्यावर अन्न बदलून बघा. दुकानात त्याला बहुधा फक्त जिवंत किडे किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) मिळालेले असतात, त्यामुळे गोळी त्याला अन्न वाटतच नाही. संध्याकाळी, दिवा बंद करून, लांब चिमट्याने गांडुळाचा तुकडा नाकासमोर हळू हलवा. तो वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर झडप घालतो, नजर त्याची अधूच असते. पंधरा मिनिटांत घेतलं नाही तर अन्न बाहेर काढा. कुजलेल्या अन्नातून पुन्हा अमोनियाच वाढतो.

किती द्यायचं ते पोटावरून ठरवा: वरून बघताना पोटाची रुंदी डोक्याइतकी दिसावी. दहा ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत रोज एकदा, वीस सेंटिमीटरच्या वरच्याला दोन-तीन दिवसांतून एकदा.

गांडूळ तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. घशाला काही झालंय का?

बहुतेक वेळा गांडूळच कडू असतं. आपल्याकडे गांडूळखताच्या प्रकल्पातून मिळणारी लाल पट्ट्यांची गांडुळं डिवचली की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतात. तुकडे करून गरम पाण्यात काही सेकंद बुडवा, गार पाण्यात धुवा आणि मग द्या. तरीही घेतलं नाही तर दुसऱ्या जातीची गांडुळं शोधा. शेतातली गांडुळं फवारणी झालेल्या जमिनीतली नाहीत याची खात्री असेल तरच वापरा. तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नसावा.

जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) टाळा, ते गटारी गाळात वाढलेले असतात. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. चिकन, मटण, काळीज नको.

कल्ल्यांवर पांढरा कापूस आलाय.

ही पाण्यातली बुरशी, बहुधा सॅप्रोलेग्निया. ती जवळजवळ प्रत्येक पाण्यात असते, पण अशक्त किंवा जखमी कातडीवरच रुजते. म्हणून बुरशी दिसली की ती काढण्याआधी ती का आली, हे शोधा. उत्तर बहुधा थर्मामीटरवर मिळतं.

आधी ओळख पक्की करा. टॉर्च बाजूने धरून बघा. बुरशीचे धागे उभे, मऊ, पाण्यात झुलणारे दिसतात. कल्ल्यांचे स्वतःचे तंतू दोन्ही बाजूंनी ओळीने असतात आणि आतून लालसर दिसतात. तंतूवर नुसता गाळ चिकटला असेल तर प्राण्याने कल्ले झटकले की तो उडतो, बुरशी उडत नाही.

लहानसा पुंजका असेल तर टब, १६ ते १८ अंशांचं पाणी आणि रोजचा पूर्ण बदल यावरच अनेकदा जातो. सोबत देशी बदामाचं पान वापरता येतं. कोकण-मुंबईत हे झाड रस्तोरस्ती आहे. झाडावरून आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान घ्या, पण रहदारीच्या रस्त्यावरचं किंवा फवारणी झालेलं नको. धुऊन, पाच-दहा मिनिटं उकळून, टबात पाव पान. टाकीत ४० लिटरला एक पान. पाणी फिकट चहाच्या रंगाचं होतं, त्यातल्या टॅनिनचा बुरशीवर सौम्य परिणाम होतो. पाणी मऊ असेल तर पीएचवर लक्ष ठेवा.

दोन दिवसांत कमी झालं नाही तर मिठाचं स्नान. एक लिटर पाण्याला २ ते ३ चहाचे चमचे, म्हणजे १० ते १५ ग्रॅम. घरचं आयोडीनयुक्त मीठ नको, अ‍ॅक्वेरियम सॉल्ट घ्या. मीठ वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवा, पाणी टबाच्याच तापमानाचं ठेवा, आणि प्राणी १० मिनिटं त्यात ठेवा. १५ मिनिटांच्या वर कधीच नाही. घड्याळ लावून समोर बसा. तो तडफडायला लागला तर वेळेआधीच काढा. दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, तीन ते पाच दिवस. अमोनियाने कल्ले भाजलेले असतील तर मीठ लावू नका, त्याने आणखी भाजतं. टाकीत कायमचं मीठ तर कधीच टाकू नये.

मिथिलीन ब्लू ही पुढची पायरी. फक्त टबात, माशांसाठी बाटलीवर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मं. रोज पाणी बदलल्यावर पुन्हा तेवढंच घाला. मिठासोबत एकाच दिवशी नाही. टाकीत ओतलं तर फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि सिलिकॉन कायमचं निळं होतं. बुरशी चिमट्याने ओढून काढू नका, खालचा तंतूही तुटून येतो.

पाण्यावर तरंगतो आणि खाली जाताच येत नाही.

अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं आणि थोडा वेळ तरंगणं स्वाभाविक आहे. स्वतःहून खाली जाता येतं का, तेवढं बघा. कंबर वर, डोकं खाली अशा अवस्थेत अडकला असेल तर पोटात हवा आहे. दोन-तीन दिवस अन्न बंद ठेवा आणि पाणी इतकं उथळ करा, की त्याचे पाय तळाला टेकतील. तरंगत राहिलेल्याची पाठ कोरडी पडू देऊ नका. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या गोळ्या खाताना हवा जास्त गिळली जाते, म्हणून बुडणारं अन्न द्या. तीन-चार दिवसांत सुटलं नाही किंवा पोटही फुगत चाललं, तर पुढचा प्रश्न वाचा.

पोट फुगलंय, शी झालेली नाही.

टाकीत खडी आहे का? अ‍ॅक्सोलोटल तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि त्यासोबत तळाचे खडेही जातात. त्याच्या डोक्यापेक्षा लहान कुठलाही गोटा धोक्याचा. पंधरा सेंटिमीटरच्या आतल्याला तळ मोकळाच ठेवा. मोठ्याला एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू चालते.

पिल्लू एक-दोन दिवसांनी शी करतं, मोठा प्राणी दोन ते सात दिवसांनी. त्याहून उशीर, पोटाला एकाच बाजूला टणक उंचवटा आणि खाणं बंद, अशी तिन्ही लक्षणं असतील तर आतडं अडलं असं धरा. अन्न थांबवा, टबात ठेवा, पोट दाबू नका. दगड एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतात, त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्यास शंका राहत नाही.

फ्रिजमध्ये ५ ते ८ अंशांवर ठेवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. घरी, स्वतःच्या मनाने हे करू नये. पचन आणि रोगप्रतिकार दोन्ही मंदावतात, उतार-चढाव हळू झाला नाही तर प्राणी दगावतो, आणि मोठा दगड थंडीने बाहेर येत नाही.

फुगवटा एका जागी नसून सगळं शरीर, अगदी गळ्यापर्यंत, पाणी भरल्यासारखं ताणलेलं आणि अर्धपारदर्शक दिसत असेल, तर ती सूज आहे. मूत्रपिंड, हृदय किंवा जिवाणूसंसर्ग यांपैकी काहीही कारण असू शकतं. घरगुती उपाय नाही.

पोटावर आणि पायांवर लाल चट्टे आहेत.

अमोनियाने कातडी भाजली तर लाली येते. रक्तात जिवाणूसंसर्ग, बहुधा एरोमोनास, असेल तरीही येते. फरक असा ओळखा: चाचणीत अमोनिया आढळला आणि स्वच्छ टबमध्ये २४ ते ४८ तासांत लाली फिकी झाली, तर भाजल्याची होती. अमोनिया शून्य असताना लाली पसरत असेल, प्राणी सुस्त असेल, कातडीवर फोड किंवा खड्डे असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. माणसांची किंवा कोंबड्यांची अँटिबायोटिक अंदाजाने पाण्यात टाकू नका.

फिकट रंगाच्या प्राण्यात पातळ कातडीखालच्या शिरा दिसतात आणि खाल्ल्यावर जरा ठळक होतात. हे चट्टे नव्हेत.

पाय तुटलाय. कल्ल्याचे तुकडे पडलेत.

दुकानात अनेक पिल्लं एकत्र ठेवतात आणि ती एकमेकांचे पाय खातात. एकटं ठेवा, पाणी थंड आणि स्वच्छ ठेवा, पोटभर खायला द्या. औषध नको. तुटलेल्या जागी काही दिवसांत गुळगुळीत, फिकट, शंकूसारखं टोक दिसतं; त्यातूनच नवा पाय फुटतो. लोकरीसारखं दिसलं तर बुरशी. पिल्लात एक-दोन महिन्यांत पाय येतो, मोठ्यात बरेच महिने लागतात. कधी नवा पाय वाकडा किंवा जास्तीच्या बोटाचा येतो, त्याने काही अडत नाही.

शेपटीच्या मुळाशी दोन गाठी आल्यात.

नर वयात आला. साधारण वर्षभराच्या आणि १८ सेंटिमीटरहून मोठ्या नरात मलद्वाराच्या दोन्ही बाजू फुगतात. कातडी अखंड असेल आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर चिंता नाही. असंच घाबरवणारं पण निरोगी आणखी काही: शांत बसल्यावर फिके पडणारे कल्ले, अचानक कल्ले झटकणं, कातडीवरचे सोनेरी ठिपके, पांढऱ्या प्राण्याच्या बोटांची टोकं काळपट होणं.

कल्ले आखडत चाललेत, शेपटीवरचा पडदाही कमी झाला.

फक्त कल्ल्यांचे तंतू झडत असतील तर पाणी तपासा. दांड्याही आखूड होत असतील, पाठीवरचा पडदा नाहीसा होत असेल, डोळे बाहेर येऊन पापण्या दिसू लागल्या असतील आणि तो सारखा हवेत तोंड काढत असेल, तर रूपांतर, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या रूपात बदलणं, सुरू झालंय. हे क्वचित होतं आणि थांबवता येत नाही. लगेच पाणी उथळ करा आणि बाहेर चढायला उतरती, ओली जागा द्या. नाहीतर तो पाण्यात गुदमरतो.

दुकानातली कोणती औषधं टाळायची?

मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन आणि तांबं असलेलं काहीही. "सर्व रोगांवर एकच" अशा द्रवांत यांपैकी एखादं बहुतेक असतंच. घटक लिहिलेले नसतील तर बाटली घेऊच नका.

लाइट गेली तर?

प्राणी काही तास निभावून नेतो, फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना लवकर मरायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा आणि स्पंज फिल्टरला जोडा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) अनेक तास बंद राहिला असेल तर आतलं कुजलेलं पाणी फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मगच सुरू करा. पुढचे चार-पाच दिवस अमोनिया रोज मोजा.

डॉक्टरांकडे कधी आणि कसं न्यायचं?

पसरणारी लाली, सर्वांगाला सूज, उलटी, बाजूवर पडून राहणं, पाणी ठीक असूनही दहा दिवस उपवास, यांपैकी काहीही असेल तर. बरेच पशुवैद्य कुत्री-मांजरीच बघतात, म्हणून आधी फोन करून उभयचर किंवा एक्झॉटिक प्राणी बघतात का ते विचारा. कुठलंच संकट नसताना, आणल्याच आठवड्यात हा शोध घेऊन ठेवलेला बरा.

झाकणाच्या डब्यात अंग पूर्ण बुडेल इतकं टबचंच पाणी घ्या, डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवा, बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेरून ठेवा. आदल्या दिवशी खायला देऊ नका. सोबत पाण्याचे लिहिलेले आकडे, वरून आणि बाजूने काढलेले रोजचे फोटो, ताजी शी वेगळ्या डबीत, टाकीच्या पाण्याची बाटली आणि आतापर्यंत घातलेल्या प्रत्येक औषधाचं नाव न्या. खरेदीची पावतीही जवळ असू द्या. अ‍ॅक्सोलोटल सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्यासाठीही ती लागेल.

एकटा कंटाळतो का? दुसरा आणू का?

नाही कंटाळत. आणायचाच असेल तर नव्याला ३० दिवस वेगळ्या टबात ठेवा. बादली, सायफन, चिमटा सगळं वेगळं. आधी जुन्याचं काम उरका, मग नव्याचं, आणि दोन्हींनंतर साबणाने हात धुवा; उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. उभयचरांना जीवघेणी ठरू शकणारी कायट्रिड बुरशी अंगावर असूनही प्राणी वरवर ठणठणीत दिसू शकतो, म्हणून वेगळ्या टबाचं पाणी नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका. ब्लीच घालून काही तासांनी सांडपाण्यात सोडा. महिनाभरानंतरही लांबीत तीन-चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एकत्र करू नका, लहानाचा पाय जाईल. एका टाकीत नर-मादी ठेवलीत तर एका वेळी शेकडो अंडी मिळतील, आणि सततच्या अंडी घालण्याने मादी खंगते. दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या असल्याची खात्री होईपर्यंत टाक्या वेगळ्याच असू द्या.